दोन्ही सभागृहं ‘हो’ म्हणाली, तरी कायदा का झाला नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी न्यू जर्सीत राहतो. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीनकार्डाच्या रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१४ ची. ग्रीनकार्डावरची देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही एकमताने मंजुरी दिली. तरी कायदा झाला नाही. दोन्ही सभागृहं हो म्हणाल्यावर अडलं कुठं? आणि एवढं बहुमत असून कायदा होत नसेल, तर या देशात कायदा होतो तरी कसा?”

एका वाक्यात उत्तर द्यायचं तर, त्या दोन सभागृहांनी दोन वेगवेगळ्या कागदांना मंजुरी दिली. प्रतिनिधीगृहाने मंजूर केलं ते एच. आर. १०४४. सिनेटने मंजूर केलं ते एस. ३८६. हेतू सारखा, नावही सारखं, पण क्रमांक वेगळा आणि मजकूरही वेगळा. इथल्या राज्यघटनेप्रमाणे एकाच मजकुराला, त्यातल्या स्वल्पविरामासकट, दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते आणि मग तो कागद राष्ट्राध्यक्षांपुढे जातो. हे विधेयक त्या पायरीपर्यंत पोचलंच नाही. ३ जानेवारी २०२१ ला ११६वी काँग्रेस, म्हणजे दोन्ही सभागृहं मिळून होणारी दोन वर्षांची संसद, संपली आणि दोन्ही कागद बाद झाले.

एवढ्या उत्तरावर तुमचं समाधान होणार नाही, होऊही नये. मी अठरा वर्षं प्रतिनिधीगृहातल्या एका सदस्याच्या कार्यालयात काम केलं. पहिली सहा मतदारसंघातल्या कचेरीत, लोकांच्या पासपोर्ट, व्हिसा, पेन्शनच्या अडचणी निस्तरण्यात गेली. पुढची बारा वॉशिंग्टनला, विधेयकांच्या कामात. आपल्या माणसांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपल्या डोक्यातलं भारतीय संसदेचं चित्र बाजूला ठेवावं लागतं. तिथे लोकसभेत ज्याचं बहुमत त्याचं सरकार, आणि सरकारने आणलेलं विधेयक सहसा पडत नाही. सरकारी नसलेल्या सदस्याने मांडलेलं, म्हणजे खासगी विधेयक, संसदेने शेवटचं मंजूर केलं ते १९७० साली. अमेरिकेत सरकारी विधेयक नावाची वस्तूच नाही. राष्ट्राध्यक्षांना विधेयक मांडता येत नाही. त्यांचे मंत्री काँग्रेसचे सदस्य असूच शकत नाहीत, घटनेनेच तशी मनाई केली आहे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर इथे सगळीच विधेयकं खासगी विधेयकं असतात. कोणीतरी एक सदस्य ते मांडतो, त्यामागे सही करणारे गोळा करतो आणि मग दारोदार फिरतो. दोन वर्षांच्या एका काँग्रेसमध्ये दहा हजारांहून जास्त विधेयकं मांडली जातात. कायदे होतात त्यातले काहीशे.

पक्षादेशाचंही तसंच. भारतात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडला तर सदस्यत्व जातं. इथे व्हिप नावाचे पक्षाचे पदाधिकारी आहेत, पण त्यांचं काम मुख्यतः डोकी मोजण्याचं आणि मनधरणीचं. सदस्याने पक्षाविरुद्ध मत दिलं तर त्याला कोणी घरी पाठवू शकत नाही, त्याचा मतदारसंघच पाठवू शकतो. अविश्वासाचा ठराव आणून राष्ट्राध्यक्षांना पाडता येत नाही आणि राष्ट्राध्यक्षांना काँग्रेस बरखास्त करता येत नाही. दोघं एकमेकांना बांधलेले आहेत, पण एकमेकांचे ताबेदार नाहीत. भारतात दोन सभागृहांचं पटलं नाही तर संयुक्त बैठक घेण्याची तरतूद आहे. १९६१, १९७८ आणि २००२ साली ती झाली. इथे तशी वाटच नाही. पटलं नाही तर विधेयक जागच्या जागी थांबतं.

आता तुमच्या विधेयकाकडे येऊ. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीनकार्डं ठेवली आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणजे ९,८०० च्या आसपास, आणि त्यात नवरा-बायको, मुलं सगळी धरून. आइसलँडला जेवढी मर्यादा तेवढीच भारताला. इतर देशांची उरलेली कार्डं काही वर्षी आपल्याकडे वळतात, पण मूळ आकडा हा. तो कायद्यात लिहिलेला असल्यामुळे राष्ट्राध्यक्षांनी सही करून किंवा एखाद्या खात्याने नियम काढून तो बदलत नाही. तो काँग्रेसनेच बदलावा लागतो.

प्रतिनिधीगृहात झो लॉफग्रेन यांनी हे विधेयक मांडलं आणि तीनशेहून जास्त सदस्यांनी त्यावर सहप्रस्तावक म्हणून नावं घातली. १० जुलै २०१९ ला ते ‘नियम बाजूला ठेवून’ या पद्धतीने मतदानाला आलं. ज्यावर फारसा वाद नाही अशा कामासाठी ही पद्धत आहे: ४० मिनिटं चर्चा, दुरुस्ती मांडायची नाही, आणि मंजुरीला दोन तृतीयांश मतं. मतदान पुकारलं की सगळ्या इमारतींमध्ये घंटा वाजते, सदस्य आपलं कार्ड घेऊन सभागृहात जातात, आसनांच्या पाठीला बसवलेल्या पेटीत ते सरकवून बटण दाबतात. सभापतींच्या आसनामागच्या उंच भिंतीवर सगळ्यांची नावं उजळतात आणि एकेका नावापुढे हिरवा किंवा तांबडा दिवा लागतो. त्या दिवशी मी कार्यालयातल्या टीव्हीपुढे उभा होतो. हिरव्यांचा आकडा दोन तृतीयांशाच्या पार गेला तसे फोन सुरू झाले. एडिसनहून, फ्रीमाँटहून, डॅलसच्या उपनगरांतून लोक अभिनंदन करत होते. मी प्रत्येकाला सांगत होतो, अजून पेढे वाटू नका. मला त्यांचा आनंद मोडायचा नव्हता, पण पुढे सिनेट आहे हे मला माहीत होतं.

प्रतिनिधीगृह बहुमताचं घर आहे. तिथे ४३५ सदस्य, दर दोन वर्षांनी सगळ्यांची निवडणूक, आणि सभापतींच्या हातात मोठी ताकद. कोणतं विधेयक कधी घ्यायचं, किती वेळ बोलायचं, कोणत्या दुरुस्त्या चालतील, हे नियम समिती ठरवते आणि नियम समितीवर सभापतींच्या पक्षाची घट्ट पकड असते. नेतृत्वाच्या मनात असलं तर प्रतिनिधीगृह एका दिवसात मोठं काम उरकतं. नेतृत्वाच्या मनात नसेल तर २१८ सदस्यांनी सह्या करून विधेयक समितीतून ओढून काढण्याची सोय आहे, पण आपल्याच नेत्यांविरुद्ध सही करायला फार थोडे पुढे येतात.

सिनेट मुळातच वेगळ्या विचाराने उभं राहिलं. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिताना लहान राज्यांनी हट्ट धरला की लोकसंख्येवर सगळं ठरलं तर मोठी राज्यं आम्हाला गिळतील. त्या लहान राज्यांची योजना मांडली तुमच्याच न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसन यांनी. तुमच्याकडचं पॅटरसन शहर त्यांच्याच नावाचं. तडजोड अशी झाली की एक सभागृह लोकसंख्येवर आणि दुसऱ्यात प्रत्येक राज्याला दोन जागा. आज सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला दोन सिनेटर आणि चार कोटींच्या आसपास वस्तीच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. त्यांची मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागांची निवडणूक. १९१३ पर्यंत तर त्यांना राज्यांच्या विधिमंडळांनी निवडायचं असा नियम होता, लोकांनी नाही.

तुमचं विधेयक रखडलं ते इथे, आणि रखडण्याची तऱ्हा नीट समजून घेण्यासारखी आहे. सिनेटमध्ये विधेयकावरची चर्चा संपवायची असेल तर १०० पैकी ६० मतं लागतात. चर्चा संपू न देता विधेयक अडवण्याला फिलिबस्टर म्हणतात. सिनेमात दाखवतात तसं रात्रभर उभं राहून भाषण करणं आता क्वचितच होतं. एखाद्या सिनेटरने ‘माझा विरोध आहे’ एवढं कळवलं तरी ६० चा अडसर लागतो. पण आकड्याहून मोठी अडचण वेळेची असते. चर्चा संपवण्याचा प्रस्ताव आज दिला तर मध्ये एक कामकाजाचा दिवस जावा लागतो, मग मत, मग आणखी ३० तासांपर्यंत चर्चा. एका विधेयकापायी सिनेटचा जवळजवळ आठवडा जाऊ शकतो. बहुमताचा नेता तो आठवडा न्यायाधीशांच्या नेमणुकांना देईल, संरक्षणाच्या विधेयकाला देईल. ग्रीनकार्डाच्या रांगेला देणार नाही.

मग उरते ती ‘एकमताची संमती’. नेत्यांच्या कचेरीतून सगळ्या १०० कार्यालयांना निरोप जातो: अमुक विधेयक चर्चेविना मंजूर करायचं आहे, कोणाची हरकत? कामाच्या भाषेत याला हॉटलाइन करणं म्हणतात. कोणीच हरकत घेतली नाही तर एखाद्या जवळपास रिकाम्या सभागृहात, दुपारच्या वेळी, अर्ध्या मिनिटात विधेयक मंजूर होतं. एकाने जरी हरकत घेतली तरी ते तिथेच थांबतं. त्यामुळे ‘सिनेटने एकमताने मंजूर केलं’ या वाक्याचा अर्थ सगळ्यांनी हात वर केले असा होत नाही. त्या दिवशी अडवायला कोणी उरलं नव्हतं, एवढाच तो अर्थ.

एस. ३८६ चे कर्ते युटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली. डेमोक्रॅट पक्षाच्या कमला हॅरिस सहप्रस्तावक होत्या, म्हणजे दोन्ही पक्षांचा टेकू होता. तरी २०१९ च्या उन्हाळ्यात रँड पॉल यांनी परदेशी नर्सेसच्या जागांचा मुद्दा काढून अडवलं. त्यांच्याशी जुळवून घेतलं तर सप्टेंबरात डेव्हिड पर्ड्यू. ते निवळले तर ऑक्टोबरात डिक डर्बिन. त्यांचं म्हणणं असं की एकूण कार्डांची संख्या न वाढवता रांग फक्त इकडची तिकडे केली तर दुसऱ्या देशांच्या लोकांवर अन्याय होतो. हे म्हणणं खोटं नव्हतं, आणि आपल्यातल्या अनेकांनी रागाच्या भरात ते ऐकूनच घेतलं नाही याचं मला वाईट वाटतं. डर्बिन यांच्याशी तडजोड व्हायला वेळ लागला. ती झाली तर ऑगस्ट २०२० मध्ये रिक स्कॉट यांनी चीनचा मुद्दा काढला. प्रत्येक हरकत मिटवताना विधेयकात एक नवं कलम चिकटत गेलं. चीनच्या लष्कराशी किंवा तिथल्या कम्युनिस्ट पक्षाशी संबंध असलेल्यांना मज्जाव, ही तरतूद त्यातलीच. शेवटी २ डिसेंबर २०२० ला जे मंजूर झालं ते प्रतिनिधीगृहाच्या जुलै २०१९ च्या कागदापासून बरंच दूर गेलेलं होतं.

आता प्रतिनिधीगृहाने एस. ३८६ जसंच्या तसं स्वीकारायचं, किंवा बदल करून सिनेटकडे परत धाडायचं. परत धाडलं की पुन्हा हॉटलाइन, पुन्हा शंभर कार्यालयं. हातात दिवस होते महिनाभर.

तो महिना कसा होता ते आठवून बघा. कोविडचा हिवाळा. मदतीचं पॅकेज आणि वर्षभराचा सगळा खर्च एकाच जाडजूड विधेयकात कोंबला होता, साडेपाच हजारांहून जास्त पानांचा, आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली ती २७ डिसेंबरला. २३ डिसेंबरला ट्रम्प यांनी संरक्षणाच्या विधेयकावर व्हेटो वापरला. व्हेटो उलटवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. प्रतिनिधीगृहाने २८ डिसेंबरला आणि सिनेटने चक्क १ जानेवारीला बसून तो उलटवला. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत उलटलेला तो एकमेव व्हेटो. दोन्ही सभागृहांची, सगळ्या नेत्यांची ताकद अशा कामांत लागली होती. त्या गर्दीत एस. ३८६ मतदानाला आलंच नाही. ते कोणी हाणून पाडलं असंही नाही. ३ जानेवारीला दुपारचे बारा वाजले आणि काँग्रेस संपली. इथे नव्या काँग्रेसमध्ये जुनं काहीच पुढे जात नाही, सगळं पहिल्या पानापासून.

बाहेरच्या माणसाला हे कळत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. आम्ही आत काम करणारे मतांची संख्या मोजायचो त्याहून जास्त वेळा कॅलेंडर मोजायचो. एखाद्या विधेयकाला ३६५ मतं आहेत ही मोठी गोष्ट नसते. ती मतं, सिनेटमधली शांतता, नेत्यांनी दिलेला दिवस आणि राष्ट्राध्यक्षांची तयारी, हे सगळं त्याच दोन वर्षांत एका ओळीत यावं लागतं. यातलं प्रत्येक दार बंद करण्याचा अधिकार वेगळ्या माणसाकडे असतो, आणि सगळी दारं एकदम उघडण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो. घटना लिहिणाऱ्यांना हेच हवं होतं. घाईघाईने वाईट कायदा होण्यापेक्षा चांगला कायदा उशिरा झालेला बरा, असा त्यांचा हिशोब. त्या हिशोबाची किंमत रांगेतला माणूस आपल्या उमेदीच्या वर्षांनी चुकवतो, हे मी जवळून पाहिलंय.

कोणी म्हणेल, दोन्ही सभागृहांचा हेतू स्पष्ट होता, मग मजकुराचा एवढा आग्रह कशाला? याचं उत्तर जगदीश राय चढ्ढा यांच्या खटल्यात आहे. चढ्ढा जन्माने केनियाचे, आईवडील भारतीय, हातात ब्रिटिश पासपोर्ट. १९६६ साली विद्यार्थी म्हणून आले, ओहायोत शिकले. व्हिसाची मुदत संपल्यावर त्यांच्यावर हकालपट्टीची कारवाई सुरू झाली, पण इमिग्रेशन न्यायाधीशाने त्यांची अडचण बघून ती थांबवली. तेव्हाच्या कायद्यात अशी सोय होती की काँग्रेसच्या कोणत्याही एका सभागृहाने ठराव केला की ही सवलत रद्द व्हायची. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने ३४० प्रकरणांतून सहा जण वेगळे काढले. चढ्ढा त्यातले एक. सभागृहात चर्चा झाली नाही, मतांची नोंद झाली नाही, ठराव संमत झाला. ज्या माणसाच्या आयुष्याचा प्रश्न होता त्याची बाजू कोणी ऐकलीही नाही.

चढ्ढा लढले. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की माणसाचे हक्क ज्याने बदलतात ते काम कायदा करण्याचं आहे, आणि कायदा करायचा तर दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षांपुढे सादर करणं, दोन्ही झालंच पाहिजे. एका सभागृहाचा ठराव पुरेसा नाही. त्या एका निकालाने इतर कितीतरी कायद्यांतल्या तशाच तरतुदी निकामी झाल्या. एच. आर. १०४४ आणि एस. ३८६ ला आडवा आला तो नियम हाच, आणि भारतीय वंशाच्या एका माणसाला हाकलून देण्यापासून वाचवलं तेही ह्याच नियमाने. म्हणून मला त्याच्यावर नुसतं चिडता येत नाही.

पुढचे प्रयत्न थोडक्यात. २०२१ मध्ये नवं विधेयक आलं, ईगल कायद्याच्या नावाने. डिसेंबर २०२२ मध्ये ते प्रतिनिधीगृहाच्या कार्यक्रमपत्रिकेवर लागलं, व्हाइट हाउसने पाठिंबाही जाहीर केला, आणि मतं जुळत नाहीत असं दिसल्यावर मतदानाआधीच मागे घेतलं गेलं. दरम्यान काहींनी दुसरी वाट शोधली होती. अर्थसंकल्पाशी निगडित विधेयक सिनेटमध्ये साध्या बहुमताने मंजूर करता येतं, १९७४ च्या कायद्याने ती सोय आहे. पण त्यात फक्त जमाखर्चाशी खरा संबंध असलेल्या तरतुदी चालतात आणि काय चालेल याचा सल्ला सिनेटच्या पार्लमेंटेरियन, म्हणजे नियमांच्या जाणकार अधिकारी, देतात. हे पद निवडून आलेलं नसतं, पण त्यांचा शब्द सहसा पाळला जातो. २०२१ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना दिलासा देणाऱ्या तरतुदी त्यात घालायचा तीन वेळा प्रयत्न केला. पार्लमेंटेरियन एलिझाबेथ मॅकडोनो यांनी तिन्ही वेळा नियमात बसत नाही म्हणून सांगितलं.

मग काँग्रेसविना काही होतच नाही का? होतं, आणि आपल्या घरांत ते झालेलंही आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या, एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळाली ती २०१५ च्या मे महिन्यात, काँग्रेसच्या कायद्याने नव्हे, तर होमलँड सिक्युरिटी खात्याच्या नियमाने. मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या कितीतरी जणींची इथली पहिली नोकरी त्या नियमामुळे लागली. पण खात्याने दिलेलं पुढचं सरकार काढून घेऊ शकतं, कोणी कोर्टात आव्हान देऊ शकतं, आणि तसं आव्हान वर्षानुवर्षं चालूही होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली गेली ती राष्ट्राध्यक्षांच्या एका घोषणेने. जो वेग एका बाजूने कामी येतो तो दुसऱ्या बाजूनेही येतो. म्हणून माझं मत सांगतो: रांगेचा प्रश्न कायद्यानेच सुटला पाहिजे, कितीही उशीर होवो.

तिजोरीचं कुलूपही काँग्रेसकडेच आहे. दरवर्षी १२ खर्चाची विधेयकं १ ऑक्टोबरच्या आत व्हावी लागतात. झाली नाहीत आणि तात्पुरती मंजुरीही मिळाली नाही तर ती ती खाती बंद. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस, २०२५ मध्ये ४३ दिवस. त्या ४३ दिवसांच्या सुरुवातीलाच अनेकांच्या लक्षात आलं की व्हिसा-ग्रीनकार्डाचे अर्ज तपासणारं यूएससीआयएस चालू आहे, पण श्रमखात्याचं एलसीए आणि पर्मचं, म्हणजे एच-१बी आणि ग्रीनकार्डाच्या अर्जाआधी लागणाऱ्या मंजुऱ्यांचं, काम ठप्प आहे. कारण एक मुख्यतः तुमच्या फीवर चालतं आणि दुसरं काँग्रेसने दिलेल्या पैशावर. भारतात खर्चाची मंजुरी अडली तर सरकारच पडेल. इथे सरकार जागेवर राहतं, पगार थांबतात.

आता तुम्ही काय करायचं ते. मतदारसंघातल्या कचेरीत असताना एक बाई आल्या होत्या. मुळच्या सातारच्या, मुलगा वीस वर्षांचा. २१ पूर्ण झाली की तो आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडणार होता. त्यांनी हातातली फाइल उघडली, त्यात मुलाची पहिलीपासूनची प्रगतीपुस्तकं प्लास्टिकच्या कव्हरांत लावलेली. मला त्यांना सांगावं लागलं की अर्ज कुठे हरवला असेल, उत्तर येत नसेल, तर आमची कचेरी खात्याला विचारू शकते. मर्यादा मात्र आम्हाला हलवता येत नाही. त्या उठता उठता म्हणाल्या, “आम्हाला मत नाही म्हणूनच ना?” मी त्यांना थांबवलं आणि एक गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगतो.

तुम्हाला मत नाही, पण तुमची गणना होते. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे प्रतिनिधीगृहाच्या जागा एकूण माणसांवर वाटल्या जातात, मतदारांवर नाही. २०२० च्या जनगणनेनंतर एका मतदारसंघात साधारण ७ लाख ६० हजार माणसं येतात आणि त्यांत तुम्ही, तुमची बायको, तुमची मुलं आहात. त्या जागेवर बसलेला सदस्य तुमचाही प्रतिनिधी आहे. कचेरीत फोन उचलणारा मुलगा किंवा मुलगी तुमचं नागरिकत्व विचारत नाही, झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड, विचारते. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून निवडून आले तेव्हा न्यू जर्सीतल्या, टेक्सासमधल्या अनेकांना वाटलं, आपला माणूस आहे, त्यांनाच फोन करावा. भावना मला कळते. पण झिप कोड बाहेरचा असला की कोणत्याही कचेरीत तो फोन वेगळ्या रकान्यात जातो. आपल्या भागातल्या सदस्याला आणि आपल्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांना करा.

फोन केलात तर काय लिहिलं जातं ते सांगतो. तारीख, झिप कोड, विषय, बाजूने की विरोधात, आणि काही विशेष. आठवड्याच्या शेवटी त्याचा गोषवारा सदस्यापुढे जातो. चारशे जणांनी एकच छापील ईमेल पाठवली तर गोषवाऱ्यात एक ओळ येते. अकरा जणांनी फोन करून आपापली हकीकत सांगितली, आणि त्यात स्थानिक इस्पितळातला डॉक्टर असला, शाळेत गणित शिकवणारी बाई असली, वीस माणसांना काम देणारा दुकानदार असला, तर ती माणसं नावानिशी आत पोचतात. समितीच्या बैठकीला जाताना सदस्य त्यांचा दाखला देतो. मी स्वतः असे दाखले लिहून दिलेत. आणि मत असलेल्या शेजाऱ्याला, कंपनीतल्या साहेबाला, मुलाच्या प्रशिक्षकाला फोन करायला लावलंत तर फारच चांगलं.

बोलताना विधेयकाचा क्रमांक सांगा, आणि तो चालू काँग्रेसचा आहे याची खात्री करून घ्या. अजूनही लोक फोन करून एस. ३८६ ला पाठिंबा द्या म्हणतात. तो क्रमांक आता भलत्याच विषयाच्या विधेयकाला मिळालेला असतो, आणि फोनवरची ती मुलगी त्या भलत्या विधेयकापुढे तुमची खूण करून मोकळी होते. सध्याची ११९वी काँग्रेस ३ जानेवारी २०२७ ला दुपारी बारा वाजता संपेल. त्यानंतर फोन कराल तेव्हा क्रमांक पुन्हा नवा असेल.